'द प्रिन्स' सत्ताधाऱ्याने नव्हे, रयतेने वाचायचं पुस्तक आहे

ओसरी (धागा सुरू केला)

गेल्या आठवड्यात आम्हा शिक्षकांसाठी दोन दिवसांचं 'नेतृत्व विकास' शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी पडद्यावर एक ओळ झळकली, "प्रेमापेक्षा भीती बरी – मॅकियाव्हेली". खाली सिंहाचं चित्र. वक्ते लगेच पुढच्या स्लाइडवर गेले, मी मात्र तिथेच अडकले. अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते, आणि दर वर्षी मुलं हीच ओळ घेऊन वर्गात येतात. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट, ती ओळ मॅकियाव्हेलीच्या 'द प्रिन्स' या पुस्तकात तशी नाही. १७व्या प्रकरणात तो म्हणतो, प्रेम आणि भीती दोन्ही मिळालं तर उत्तमच. पण दोन्ही एकत्र नांदणं अवघड, म्हणून एक सोडावंच लागलं तर भीती अधिक भरवशाची. आणि लगेच बजावतो की भीती वाटली तरी चालेल, द्वेष वाटता कामा नये. लोकांच्या मालमत्तेला आणि बायकामुलींना हात लावू नकोस. "साध्य चांगलं तर साधन कसंही चालतं" हे दुसरं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य तर पुस्तकात नाहीच. १८व्या प्रकरणात आहे ते असं: जिथे दाद मागायला न्यायालय नसतं तिथे लोक परिणामाकडे बघतात. लोक कसा न्याय करतात याचं हे वर्णन आहे, परवानगी नव्हे.

हा माणूस कोण, तेही सांगते. १४९८ ते १५१२, चौदा वर्षं तो इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या प्रजासत्ताकाच्या कचेरीत होता. राजा नाही, सरदार नाही. पत्रं लिहिणारा, वकिलातीवर पाठवला जाणारा सरकारी नोकर. १५१२ मध्ये फ्लॉरेन्सवर आधी सत्ता गाजवलेलं मेदिची घराणं परत आलं आणि नोकरी गेली. १५१३ च्या फेब्रुवारीत कटाच्या संशयावरून पकडला, हात पाठीमागे बांधून दोराने वर ओढला आणि खाली सोडला, सहा वेळा. सुटल्यावर शहराबाहेरच्या शेतावर जाऊन राहिला. त्याच डिसेंबरात मित्राला, फ्रांचेस्को वेत्तोरीला, लिहिलेलं पत्र मी दर वर्षी वर्गात वाचते. दिवसा लाकूडतोड्यांशी हुज्जत, दुपारी खानावळीत खाटीक आणि गिरणीवाल्याबरोबर पत्ते आणि कवडीवरून आरडाओरडा. संध्याकाळी घरी आल्यावर चिखलाचे कपडे दारातच उतरवायचे, दरबारी पोशाख चढवायचा आणि चार तास जुन्या ग्रंथकारांच्या संगतीत बसायचं. त्या चार तासांतून हे २६ प्रकरणांचं छोटं पुस्तक आलं. छापलं गेलं १५३२ मध्ये, तो जाऊन पाच वर्षं झाल्यावर.

आता माझं म्हणणं. ९व्या प्रकरणात तो लिहितो की प्रत्येक शहरात दोन वृत्ती असतात: बड्यांना दाबायचं असतं, आणि लोकांना फक्त दाबलं जायचं नसतं, लोकांचा हेतू बड्यांपेक्षा अधिक प्रामाणिक असतो. २०व्यात लिहितो की सगळ्यात भक्कम किल्ला म्हणजे लोकांनी तुझा द्वेष न करणं. हे लिहिणाऱ्याने दरबाराची आतली बाजू उघड करून चव्हाट्यावर मांडली. विचारवंत रूसोने १७६२ मध्ये हेच म्हटलं होतं: राजांना शिकवतोय असं दाखवून त्याने लोकांना शिकवलं. ज्यांच्यावर राज्य केलं जातं त्यांनी हे पुस्तक वाचायला हवं. अख्खं, स्लाइडवरच्या एका ओळीपुरतं नाही.

नदीकाठ

ओसरीताई, कळकळ पोचली, पण मी पूर्ण असहमत आहे.

परिणामाकडे बघतात, इथे तुम्ही थांबलात. त्याच्या लगेच पुढे तो म्हणतो की राजाने राज्य जिंकावं आणि टिकवावं, साधनं नेहमीच सन्मानाची ठरतील आणि सगळे वाहवा करतील, कारण सामान्य माणूस दिसण्याला भुलतो. ही परवानगी नाही तर काय आहे? अख्खं वाचा म्हणताय ना, मग ते वाक्य का गाळलंत?

दुसरं, अर्पणपत्रिका. ज्या मेदिचींच्या कारकिर्दीत त्याला दोरावर टांगलं, त्याच घराण्यातल्या तरुण लोरेन्झोला पुस्तक अर्पण आहे. शेवटी तो सरळ लिहितो की आपण उंचावरून खाली बघाल तर दिसेल, मी दैवाचा किती जाच सोसतोय. हा नोकरीचा अर्ज आहे. त्यात मी त्याला दोष देत नाही, घरात पोरंबाळं होती. पण अर्जाला रयतेचा जाहीरनामा म्हणू नका.

तिसरं, ५वं प्रकरण. स्वातंत्र्याची सवय असलेलं शहर ताब्यात आलं तर ते उद्ध्वस्त कर, नाहीतर ते तुला उद्ध्वस्त करेल. स्वतः प्रजासत्ताकात चौदा वर्षं नोकरी केलेला माणूस हे लिहितो.

आणि ७वं प्रकरण तर मला झोपू देत नाही. पोपचा मुलगा चेझारे बोर्जा याने इटलीतला रोमान्या प्रांत घेतला. तिथे लूटमार माजलेली. त्याने रेमिर्रो दे ओर्को नावाचा क्रूर आणि कामाला झपाट्याचा माणूस पूर्ण अधिकार देऊन बसवला. थोड्याच दिवसांत प्रांत शांत झाला. मग बोर्जाच्या लक्षात आलं की लोक या कडकपणामुळे चिडलेत. क्रौर्य आपलं नव्हतं, त्या अधिकाऱ्याच्या स्वभावाचं होतं, हे लोकांना दाखवायला हवं. २६ डिसेंबर १५०२ च्या सकाळी चेझेनाच्या चौकात रेमिर्रोचं दोन तुकडे केलेलं प्रेत पडलेलं होतं. शेजारी लाकडाचा ठोकळा आणि रक्ताळलेला सुरा. त्या दृश्याने लोक एकाच वेळी तृप्त आणि सुन्न झाले, असं मॅकियाव्हेली लिहितो. आणि ही गोष्ट 'इतरांनी अनुकरण करण्याजोगी' म्हणून सांगतो! यात रयत कुठे आहे? चौकात उभी आहे, सुन्न. तिच्यासाठी पुस्तक लिहिणारा माणूस तिच्याबद्दल असं लिहीत नाही.

ओसरी

नदीकाठ, ते वाक्य गाळायला नको होतं. मान्य.

पण ५वं प्रकरण शेवटपर्यंत वाचा. तो म्हणतो, प्रजासत्ताकांत जीव जास्त असतो, द्वेष जास्त, सूड घ्यायची इच्छा जास्त. जुन्या स्वातंत्र्याची आठवण त्यांना स्वस्थ बसू देत नाही, देऊ शकत नाही. हे मेदिचींना उद्देशून, फ्लॉरेन्सबद्दल, १५१३ मध्ये! मला यात धमकी ऐकू येते. तुम्ही शहर घेतलंत, पण ते विसरणार नाही.

८वं प्रकरणही पाहा. प्राचीन सिसिलीतल्या सिराक्यूजचा आगाथोक्लेस कुंभाराच्या पोटी जन्मला, सेनापती झाला आणि सभा बोलावून सगळे मानकरी कापून राजा झाला. यशस्वी झाला, म्हातारपणापर्यंत राज्य केलं. तरी मॅकियाव्हेली लिहितो की स्वतःच्या नागरिकांना मारणं, मित्रांना दगा देणं याला कर्तृत्व म्हणता येत नाही. याने सत्ता मिळेल, कीर्ती नाही. ज्याच्या लेखी यश हेच सगळं, तो हे कशाला लिहील?

आणि वाचक कोण, याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला इटलीतल्या कम्युनिस्ट विचारवंत ग्राम्शीकडे मिळालं. १९२६ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने त्याला अटक केली. तुरुंगातल्या वह्यांत तो म्हणतो, ज्यांना हे डाव जन्मापासून घरातच शिकायला मिळतात त्यांना पुस्तकाची गरज नसते. मॅकियाव्हेली लिहितो ते 'ज्याला ठाऊक नाही' त्याच्यासाठी.

नदीकाठ

मुसोलिनीचा विषय काढलात म्हणून. ग्राम्शीला तुरुंगात टाकण्याच्या दोन वर्षं आधी, १९२४ मध्ये, मुसोलिनीने स्वतः मॅकियाव्हेलीवर लेख लिहिला होता, कौतुकाचा. प्रशियाचा फ्रेडरिक युवराज असताना या पुस्तकाचं खंडन लिहीत होता. फ्रेंच लेखक व्होल्तेरच्या मदतीने ते १७४० मध्ये छापून आलं. त्याच साली तो गादीवर बसला आणि डिसेंबरात सैन्य घेऊन ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सायलेशिया प्रांतात घुसला. शिव्या देणाऱ्याने आणि कौतुक करणाऱ्याने, दोघांनी वापरलं ते तेच. ज्या हातात आधीच तलवार आहे त्या हाताला हे पुस्तक बळ देतं, असं मला वाटतं, आणि म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपुढे ते 'तुमचं पुस्तक' म्हणून ठेवायला माझा जीव धजत नाही.

पोथीघर

चर्चा वाचतोय. एक तुलना मांडतो, वाद फ्लॉरेन्सपासून लांब न्यायचा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेलं आज्ञापत्र, १७१५ च्या सुमाराचं, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी निदान उताऱ्यांत वाचलेलं असेल. त्यात आरमाराच्या लाकडाचा भाग आहे. आंबे, फणस यांची झाडं गलबतांच्या कामाची खरी, पण त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादं झाड फारच जीर्ण झालं तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं.

आता 'द प्रिन्स'चं १७वं प्रकरण शेजारी ठेवा. तिथेही सल्ला हाच आहे, लोकांच्या मालमत्तेला हात लावू नकोस. पण कारण काय देतो? माणूस बापाचा मृत्यू लवकर विसरतो, वडिलोपार्जित मिळकत गेलेली विसरत नाही. सल्ला एकच, पण एकाला रयतेचं दुःख दिसतं आणि दुसऱ्याला रयतेचा राग. माझा नदीकाठ यांच्याकडे कल आहे तो यामुळे.

ओसरी

पोथीघर, तुलना मनापासून आवडली, वर्गात वापरणार. पण एक फरक लक्षात घ्या. पंत अमात्यपदावर बसून, राजाराम महाराज जिंजीला असताना सगळा मुलूख सांभाळून दाखवल्यावर बोलतात. मॅकियाव्हेलीने उभी केलेली नागरिकांची फौज १५१२ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या प्रातोला स्पॅनिश सैन्यापुढे पळाली, शहर लुटलं गेलं, आणि त्याबरोबर त्याचं प्रजासत्ताक बुडालं. ज्याचं राज्य टिकलं त्याच्या शब्दात माया येते. ज्याचं डोळ्यांदेखत बुडालं त्याच्याकडून मी तीच माया मागणार नाही.

जुना_वसुलीवाला

मी इथे वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत मी सव्वीस वर्षं नोकरी केली, शेवटची नऊ वसुली अधिकारी म्हणून. थकबाकी हाताबाहेर गेली तेव्हा चेअरमनसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि म्हणाले, "तुम्ही बघा कसं करायचं ते, मी मध्ये येणार नाही." मी केलं. ट्रॅक्टर ओढून आणले. एका घरासमोर जप्तीची नोटीस चिकटवताना आत साखरपुड्याची तयारी चालू होती, तरी चिकटवली. दोन वर्षांत वसुली झाली. मग संचालक मंडळाची निवडणूक लागली. वार्षिक सभेत साहेब माइकवर म्हणाले, "आमच्या एका अधिकाऱ्याने अतिरेक केला, सभासदांना त्रास झाला, मी हात जोडून माफी मागतो, आणि त्या अधिकाऱ्याला आजपासून निलंबित करतो." मी तिसऱ्या रांगेत बसलेलो. मंडपभर टाळ्या वाजल्या. ज्यांचे ट्रॅक्टर मी आणले होते ते साहेबांना हार घालायला स्टेजवर गेले.

गेल्या वर्षी मुलीने 'द प्रिन्स' आणून दिलं. ७व्या प्रकरणापर्यंत पोचलो आणि पुस्तक मिटून आठ दिवस कपाटात ठेवलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या परमुलखातल्या माणसाने माझी वार्षिक सभा लिहून ठेवली होती. पुढे १९व्या प्रकरणात तर नियम म्हणूनच दिलंय की लोकांना बोचणारी कामं राजाने दुसऱ्याच्या हातून करवावीत आणि मेहेरबानीची स्वतः करावीत.

नदीकाठ विचारतात, यात रयत कुठे आहे. मी सांगतो, रेमिर्रो पण बघा. आपण सगळे राजा आणि रयत एवढंच बोलतोय. मधे एक माणूस असतो, तो दोन्हीकडून मरतो. मी केलेलं बरोबर होतं असं म्हणत नाही, त्या साखरपुड्याच्या घराची मला आजही लाज वाटते. पण आमच्या चेअरमनने हे पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यांना गरज नव्हती. गरज मला होती. पस्तिसाव्या वर्षी वाचलं असतं तर केबिनमधून बाहेर पडायच्या आधी म्हणालो असतो, साहेब, हे लेखी द्या.

ओसरी

काका, काय लिहू कळत नाही. तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार.

नदीकाठ

वसुलीवाले काका, तुमच्याशी मी वाद घालणार नाही. पण तुमच्याच अनुभवावरून एक विचारतो. रेमिर्रोच्या प्रेताचा उल्लेख येतो त्याच्या लगेच आधी मॅकियाव्हेली सांगतो की बोर्जाने प्रांताच्या मध्यभागी दिवाणी न्यायालय बसवलं, उत्तम अध्यक्ष नेमला, प्रत्येक शहराचा वकील तिथे होता. न्यायालय होतं! मग रेमिर्रोला तिथे का उभं केलं नाही? लेखक हा प्रश्न विचारतसुद्धा नाही. तुमची बाजू कोणीतरी ऐकायला हवी होती, हे तुम्हाला-मला सुचतं. त्याला सुचत नाही. मी त्याला रयतेच्या बाजूचा मानत नाही ते यामुळे.

बोलोन्यातून

मी इथे शिकायला आहे. चेझेना बोलोन्याहून ट्रेनने तासाभरावर. या पुस्तकासाठीच एका रविवारी गेले होते. टेकडीवर मालातेस्तांचा किल्ला, पायथ्याशी चौक. मधोमध सुंदर कारंजं आहे, पण ते १५९० च्या आसपासचं, म्हणजे त्या सकाळी नव्हतं. थोडं चाललं की पंधराव्या शतकातलं ग्रंथालय. हस्तलिखितं अजून बाकांना साखळीने बांधलेली. चौकात रेमिर्रोची खूण मला कुठे दिसली नाही. मुलं सायकली फिरवत होती.

एक गोष्ट या चर्चेत आली नाही आणि ती फार महत्त्वाची आहे. त्या दिवशी मॅकियाव्हेली स्वतः चेझेनात होता, फ्लॉरेन्सचा दूत म्हणून बोर्जाच्या तळाबरोबर. आणि त्याच दिवशी, २६ डिसेंबरला, त्याने आपल्या सरकारला पत्र पाठवलं. ते पत्र उपलब्ध आहे. त्यात तो लिहितो की रेमिर्रो आज सकाळी दोन तुकडे होऊन चौकात सापडला, अजून तिथेच आहे, सगळ्या लोकांना बघता आलं. मृत्यूचं कारण नीटसं कळत नाही. राजाच्या, म्हणजे बोर्जाच्या, मर्जीला तसं आलं एवढंच. आपल्याला हवं तसं, ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे, माणसांना घडवता आणि मोडता येतं हे तो दाखवतो.

म्हणजे त्या दिवशी, तिथे उभं असताना, त्याला कारण ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांनी पुस्तकात मात्र ठाम सांगतो की लोकांच्या मनातला रोष धुऊन काढायला हे केलं. मधल्या काळात त्याला कोणी काही सांगितलं असेल, किंवा त्याने स्वतः अर्थ लावला असेल. पण ओसरीताई, 'दरबाराची आतली बाजू उघड केली' हे तुमचं म्हणणं मला इथे लंगडं वाटतं. त्याने आतली बाजू पाहिली नव्हती. त्याने चौक पाहिला होता, इतरांसारखाच. आणि नदीकाठ, तुमचंही. जो माणूस सुन्न लोकांबद्दल लिहितो, तो त्या सकाळी त्याच लोकांत उभा होता आणि त्यालाही कळत नव्हतं.

ओसरी

हे पत्र मी वाचलेलं नव्हतं, आणि मला याचा धक्का बसला आहे. मी बारा वर्षं मुलांना सांगत आले की याने डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. प्रेत पाहिलं होतं, कारण नाही. पुस्तक रयतेने वाचावं हे माझं मत आज बदलत नाही, उलट पत्र आणि प्रकरण शेजारी शेजारी ठेवून वाचावं असं वाटू लागलंय. पण 'उघड केलं' हा शब्द मी मागे घेते.

नदीकाठ

माझंही मत बदललेलं नाही. मला वाटतं पत्र लिहिणारा माणूस पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा चांगला होता. पत्रात त्याला कळत नव्हतं आणि त्याने तसं लिहिलं. पुस्तकात लोरेन्झोला धडा हवा होता, म्हणून त्या प्रेताचा धडा झाला.

जुना_वसुलीवाला

बोलोन्याच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, मग उठून जुनी फाइल काढली.

स्टेजवर 'अतिरेक' हा शब्द होता. माझ्या हातात जो निलंबनाचा आदेश आला त्यात तो नाही. त्यात 'प्रशासकीय कारणास्तव' एवढंच आहे. तेव्हा वाटलं, कारकुनाने ठरलेला मसुदा उतरवला असेल. आता कळतं. अतिरेक असं लेखी दिलं असतं तर चौकशी लावावी लागली असती, आणि चौकशीत मी सांगितलं असतं, केबिनमध्ये दार लावून काय बोलणं झालं ते. नदीकाठ, रेमिर्रोला न्यायालयात का नेलं नाही याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. त्याने तोंड उघडलं असतं.

ताई, त्या पत्राचा तेवढा भाग मराठीत करून इथे टाकाल का? इंग्रजी मला जमतं, पण हे मराठीत वाचायचंय.

बोलोन्यातून

करते, काका. पाच-सहाच वाक्यं आहेत. रविवारपर्यंत टाकते.